दोन पंपांचा नाना

नाना मिस्त्री समोरून आला की आधी चष्मे दिसायचे. एक नाकावर, दुसरा दोरीला बांधून छातीवर. दोन्ही एकाच नंबरचे. एखादा नवखा विचारायचा, "नाना, एक जवळचा आन् एक लांबचा व्हय?" नाना त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा.

"दोन्ही जवळचेच. हे फुटलं तर?"

हे फुटलं तर, हे तुटलं तर, हे बंद पडलं तर. साखरा फाट्यावरच्या त्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं आयुष्यभर जगाला हा एकच प्रश्न विचारला. त्याच्या खिशात दोन पेनं असायची. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "नाना, दोन्ही संपली तर?" त्या माणसाचा चेहरा खरोखर उतरला. दुसऱ्या दिवशी खिशात तीन पेनं. चहासुद्धा तो एक कप घ्यायचा नाही, अर्धा-अर्धा दोनदा घ्यायचा. पहिल्या अर्ध्यात माशी पडली तर दुसरा शाबूत राहतो, हे त्याचं म्हणणं. गॅरेज राखायला दोन कुत्री होती. एक झोपलं तर दुसरं भुंकेल म्हणून. दोन्ही एकमेकांच्या भरवशावर दिवसभर झोपायची, हा भाग वेगळा.

मी इथल्या मारुती देवस्थानचा कारकून. पावत्या फाडणं, घाटावरच्या बोटीची नोंद ठेवणं आणि लोकांवर ओरडणं ही माझी कामं, त्यातलं तिसरं मी मनापासून करतो. नानाशी माझी ओळख झाली ती त्याच्या पोरीच्या लग्नात, अक्षता घेऊन उभा असताना. त्या लग्नाला नानानं दोन भटजी सांगितले होते. एक सेनगावचा, एक गोरेगावचा, दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नाही. एक नाही आला तर मुहूर्त चुकायला नको, म्हणून. आता आपल्याकडे भटजी वेळेवर येणं हीच नवलाची गोष्ट, आणि त्या दिवशी दोघेही वेळेआधी हजर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, दोघांनी उपरणी सावरली. कोणी मागे हटेना. शेवटी एक मंगलाष्टक यानं, एक त्यानं, असं सुरू झालं. एकानं "सावधान" म्हटलं की लोक अक्षता टाकायचे, की दुसरा नव्यानं सुरू व्हायचा. नवरदेव हातात हार धरून अवघडला. पहिल्यांदा वाजंत्री वाजली तेव्हा अर्धी माणसं जेवायला पळाली, दुसऱ्यांदा वाजली तेव्हा पत्रावळ्या सोडून परत आली. मी नानाला म्हटलं, "हे काय हो, लग्न दोनदा लागलं." नाना डोळे पुसत होता. म्हणाला, "बरं झालं. पक्कं झालं."

नाना धनगराचा. बापाची मेंढरं होती, भाऊबंद अजूनही कळप घेऊन हिंडतात. नाना मात्र पोरवयातच एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरमागे बसला तो बसलाच. शाळा चौथीपर्यंत. पण इंजिनावर हात ठेवून तो सांगायचा की आत काय दुखून राहिलंय. मला साधा ताप ओळखता येत नाही.

एवढ्या तयारीच्या माणसाला एका गोष्टीची तयारी कधी करता आली नाही. पाण्याची. धरणाचं पाणी त्याच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर, पण नाना कधी घोट्याच्या वर पाण्यात शिरला नाही. त्याचं कारण त्यानं मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. "कारकूनबुवा, जमिनीवर पाय घसरला तर खाली जमीन हाय. पाण्यात घसरला तर खाली काय हाय? पुन्हा पाणीच." मी बराबर आहे म्हणालो.

आणि याच माणसाची एकुलती एक बहीण पाण्यापलीकडे दिलेली. गयाबाई. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिची वाडी टेकाडावर आहे. पोळ्याच्या सुमारास धरण भरलं की वाडीचा रस्ता पाण्याखाली जातो, तो होळीला उघडतो. मधल्या काळात ये-जा फक्त बोटीनं. उन्हाळ्यात नाना चालत जाऊन बहिणीला भेटून यायचा, पण दिवाळी म्हणजे भर पाण्याचे दिवस. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायची रीत. या घरात उलटं. दर भाऊबीजेला गयाबाईच तबक पिशवीत घालून, बोटीत बसून यायची, घाटावर उतरायची आणि गॅरेजात येऊन भावाला ओवाळायची. फाट्यावरची माणसं नानाला चिडवायची, "नाना, औंदा तूच बहिणीला ओवाळ." नाना हसायचा, पण त्या दिवशी त्याचं कामात लक्ष नसायचं. हे मी पाहिलेलं आहे.

आता बोटीविषयी. देवस्थाननं ती कोकणातून जुनी आणली. वाडीची माणसं शनिवारी मारुतीला येतात, एरवी बाजाराला, दवाखान्याला. बोटीला दोन इंजिनं. पण सुकाणू वळवायला जोर देणारा तेलाचा पंप एकट्या डाव्या इंजिनावर. ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग असतं तसंच ते. पंप चालू तर चाक एका बोटानं फिरतं, पंप बंद तर चाक म्हणजे दगड. बोट आली त्याच दिवशी नानानं ती काठावरून पाहिली आणि विचारलं, "डावं बंद पडलं तर?" आमचे विश्वस्त हसले. मीही हसलो. कबूल करतो.

भादव्यातल्या एका सकाळी डाव्याचा पट्टा तुटला आणि ते इंजिन बंद पडलं. बोटीत वाडीची तेवीस माणसं, अकरा शेळ्या आणि मी. उजवं इंजिन एकटंच ढकलायला लागलं म्हटल्यावर बोट डावीकडे वळली, आणि वळतच राहिली. आमचा चालक रफिकभाई चाकाला लोंबकळला. आणखी दोघं त्याच्या मदतीला लोंबकळले. बोटीनं पाण्यात एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी घातली. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देवाची बोट हाय, तीन घालील." तीन घातल्या. मग रफिकभाईला उजवं इंजिन बंद करायचं सुचलं आणि आम्ही वाहत वाहत एका बुडालेल्या बाभळीला जाऊन टेकलो. कुणाला खरचटलंही नाही. शेळ्या मात्र उतरल्यावरही बराच वेळ गोल फिरत होत्या, असं रफिकभाई शपथेवर सांगतो.

तक्रार गेली. तपासणीसाहेब आले आणि लिहून गेले: दोन्हींपैकी कोणत्याही एका इंजिनावर सुकाणू चाललं पाहिजे, तोवर एकही प्रवासी बसवायचा नाही. झालं. वाडी तुटली. धडधाकट माणसं मासेमारांच्या होडक्यातून कशीबशी यायची. पण गयाबाईचे गुडघे गेलेले, तिला त्या डुगडुगणाऱ्या होडक्यात पाय टाकता येईना. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. मी गॅरेजात गेलो तेव्हा नानानं मला बसा म्हटलं नाही, की आमच्या हसण्याचा हिशेब काढला नाही. एवढंच म्हणाला, "बोट जमिनीवर ओढा. बाकी माझ्याकडं लागलं."

मग घाटावर जो महिना गेला तसा महिना माझ्या नोकरीत पुन्हा आला नाही. बोट ओढून चांगली पंचवीस पावलं कोरड्यावर आणली, तरी नानानं ती दोन दोरांनी दोन बाभळींना बांधली. "नाना, ती जमिनीवर आहे," मी म्हटलं. "हाय. पण पाणी वाढलं तर?" भंगारातल्या एका ट्रॅक्टरचा पंप त्यानं काढला, धुतला, उजव्या इंजिनावर बसवला, त्याला पट्टा जोडला. दोन पंप, तेलाची टाकी एक, आणि चाकाशेजारी एक पितळी दांडा. दांडा डावीकडे केला की डावा पंप सुकाणू सांभाळणार, उजवीकडे केला की उजवा.

"आन् ज्याची पाळी न्हाई तो पंप?" रफिकभाईनं विचारलं.

नानाला अशा प्रश्नानं गुदगुल्या व्हायच्या. पाना खाली ठेवून तो उठला. "इंजिन चालू हाय तवर तो बी तेल फेकून राहिला ना? मग ते तेल कुठं जाईल? शेतात एका वाफ्याचं दारं बंद केलं तर दुसऱ्याचं उघडतो का न्हाई? न्हाई उघडलं तर पाण्याचा दंड फुटतो. तसंच हे. ज्या तेलाला काम न्हाई त्याला परत टाकीत जायला वाट ठेवायची. वाट न्हाई ठेवली तर नळी फुटती. परतीची वाट आधी, मंग बाकीचं."

"हौ, बराबर," रफिकभाई म्हणाला. त्यानंतर परतीची वाट हे नानाचं नवं खूळ झालं. माझ्या कचेरीत आला की दुसरं दार कुठंय ते बघायचा. मला म्हणाला, "कारकूनबुवा, तुमच्या रागाला परतीची वाट न्हाई, म्हणून तुमचं डोकं फुटून राहिलंय." मी रागावलो आणि त्याचं म्हणणं सिद्ध झालं.

पुढचा गोंधळ माझ्यामुळे झाला, तो लपवत नाही. तेलाची टाकी गंजू नये म्हणून रंगवायची होती. माझ्याकडे देवळाचा उरलेला शेंदरी रंग होता, तो दिला. टाकी झाली शेंदरी. शुक्रवारी जोडणी संपली, तेल भरून झालं. देवस्थानचं काम, म्हणून मी टाकीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, वर रुईच्या पानांची माळ घातली. टाकीचं झाकण नानाकडे आटे पाडायला होतं. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार.

शनिवारी मारुतीला तेल वाहायला गर्दी होते. देवळाकडे जाणारी वाट बोटीला लागूनच. एका बाईला शेंदरी टाकी दिसली, रुईची माळ दिसली, वरचं तोंड उघडं दिसलं. तिनं हात जोडले आणि बाटलीतलं अर्धं तेल तिथं घातलं, उरलेलं देवळात नेलं. तिच्यामागची बाई काही कमी भाविक नव्हती. दुपारी नानानं इंजिन चालू केलं तेव्हा पंपानं असा सूर काढला की दोन्ही कुत्री जागी झाली. टाकीच्या तोंडातून फेस वर आला आणि घाटभर पापड तळल्यासारखा वास सुटला. नानानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "करडीचं हाय. थोडं तिळाचं बी."

मला वाटलं, आता हा मला त्याच टाकीत घालतो. तर हा माणूस बसला खाली आणि हसायला लागला. हसता हसता नाकावरचा चष्मा पडून फुटला. त्यानं छातीवरचा उचलून लावला आणि इतका खूश झाला, इतका खूश झाला की काही विचारू नका. सगळ्यांना दाखवत सुटला, "बघा, बघा, लागला का न्हाई?" एकवीस वर्षं त्यानं तो चष्मा गळ्यात वागवला होता, त्याचं त्या दिवशी सार्थक झालं. दुसऱ्या दिवशी गळ्यात नवा चष्मा होता. मग टाकी, नळ्या, दोन्ही पंप, सगळं खोलून धुण्यात आठ दिवस गेले. टाकीवर नानानं पाटी लावली: हा देव नाही. तेल घालू नये. पुढच्या शनिवारी बायका ती पाटी वाचायच्या आणि टाकीला लांबूनच नमस्कार करायच्या.

बोट पाण्यात गेली. तपासणीसाहेबांचा फोन आला की भाऊबीजेला सेनगावला बहिणीकडे येणार आहे, तिकडून दुपारी घाटावर येतो, चाचणी उरकून टाकू. आणि एक अट. ज्यानं जोडणी केली तो चाचणीच्या वेळी बोटीत हवा.

हे मी नानाला सांगितलं तेव्हा तो अर्धा चहा पीत होता. दुसरा अर्धा त्यानं घेतलाच नाही.

"माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तर?"

"नाही चालणार, नाना. ते म्हणाले, करणाऱ्याचा स्वतःच्या कामावर भरवसा आहे की नाही ते बघायचं आहे."

मला नानाकडे बघवेना. मी म्हटलं, "राहू द्या नाना. पुढच्या महिन्यात दुसरे साहेब येतील, त्यांची अशी अट नसेल."

"भाऊबीज पुढच्या महिन्यात येती का?" तो म्हणाला. मग नाकावरच्या चष्म्याला हात लावून म्हणाला, "चष्मे दोन हायत. पेनं तीन हायत. गयाबाई एकच हाय ना वो."

भाऊबीजेला दुपारी साहेब आले ते कपाळावर कुंकू घेऊनच. नाना आधीच घाटावर उभा, हातात एक पिशवी, अंगात दोन जॅकेटं. ती पाण्यात तरंगायची नारिंगी जॅकेटं, एकावर एक चढवलेली, त्यामुळे त्याचे हात खाली येत नव्हते. साहेबांनी विचारलं, "दोन कशाला?" नानाच्या आधी मीच सांगितलं, "एक बुडालं तर." नाना डोळे मिटून फळीवरून बोटीत आला. खांबाला मिठी मारून जो बसला तो आजूबाजूला बघेना, फक्त पितळी दांड्याकडे बघत राहिला.

मध्यावर गेल्यावर साहेब म्हणाले, "डावं बंद करा." रफिकभाईनं डावं बंद केलं. बोट डावीकडे वळायला लागली आणि मला त्या तीन प्रदक्षिणा आठवल्या. नाना डोळे न हलवता म्हणाला, "दांडा." रफिकभाईनं दांडा उजवीकडे केला, चाकाला एक बोट लावलं, आणि बोट सुतासारखी सरळ झाली. मग डावं चालू, उजवं बंद, दांडा डावीकडे. तेही झालं. साहेबांनी स्वतः चाक फिरवून पाहिलं. मग वळून विचारलं, "मिस्त्री, आणि दोन्ही बंद पडली तर?"

मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी नानाची पाण्याची भीती गेली. निदान पाव मिनिट तरी. जन्मभर तो लोकांना हा प्रश्न विचारत आला होता आणि आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारला होता. खांब सोडून तो उठला, बसायच्या फळीखालून लोखंडी पहार काढली आणि मागे सुकाणूच्या डोक्यावर आडवी बसवून दाखवली. "हातानं वळवायची, साहेब. दोन माणसं लागतील, पण वळती." आणि साहेब काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आन् ही मोडली तर?" आणि फळीखालून दुसरी पहार काढली.

साहेब हसत सुटले आणि तिथल्या तिथे कागदावर सही केली. रफिकभाई बोट वळवायला लागला, तर नाना म्हणाला, "वळू नको. पलीकडं घे."

पलीकडच्या काठावर गयाबाई उभी होती. मी सकाळीच फोन करून ठेवला होता की आज बोट सुरू होईल, तयार राहा. दरवर्षीसारखं आपणच जायचं म्हणून ती काठी, पिशवी, सगळं घेऊन तयार होती. बोट टेकली आणि तिला दोन जॅकेटांतला भाऊ दिसला. ती बघतच राहिली.

"काहून रे नाम्या," ती त्याच्या लहानपणच्या नावानं म्हणाली, "तू पाण्यावरून आलास?"

"बाई, आधी जमिनीवर उतरू दे," नाना म्हणाला.

घरापर्यंत जायला कुणालाच धीर नव्हता. तिथंच एका दगडावर तिनं त्याला बसवलं. "हे फुगलेलं तरी काढ," ती म्हणाली, पण तो काही जॅकेटं काढेना. मग तिनं पिशवीतून तबक काढलं. त्यात निरांजनं दोन होती. एक लावलं, आणि दुसरं वात घालून, तेल भरून शेजारी तयार ठेवलं. साहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मी विचारलं, "गयाबाई, हे दुसरं कशाला?"

"वारं आलं आन् हे विझलं तर?" ती म्हणाली.

तिनं ओवाळलं. वारं आलं आणि निरांजन विझलं. तिनं दुसरं पेटवलं आणि राहिलेलं ओवाळलं. नानाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण दोन्ही हातांनी त्यानं पिशवी घट्ट धरलेली, म्हणून त्याला पुसता येईना. शेवटी तिनंच पदरानं पुसलं. मग त्यानं पिशवीतून लुगडं काढलं. एक हिरवं. आणि ते नाही आवडलं तर, म्हणून एक जांभळं. तिनं दोन्ही ठेवून घेतली.

गेल्या पावसाळ्यात नाना गेला. झोपेत, फार त्रास न होता. खोटं कशाला बोलू, मी दोनदा रडलो, एकदा घरी आणि एकदा बोटीवर. गॅरेज आता बंद आहे आणि बोट चालू आहे. पण नाना आठवला की मला तो त्या दगडावरच दिसतो. नारिंगी, फुगलेला, कपाळाला कुंकू, एका हातात करंजी आणि दुसऱ्या हातात दुसरी करंजी. त्या दिवशी बोट परत निघाली तेव्हा रफिकभाईनं इंजिन हळू करून हाक मारली, "नाना, चलताव ना?"

नानानं बोटीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि बहिणीच्या जवळ सरकून बसला.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "मी रस्त्यानं येतो."

"नाना, रस्ता पाण्याखाली आहे," मी ओरडलो. "परतीची वाट कुठंय?"

"होळीला उघडतो की," नाना म्हणाला, आणि दुसरी करंजी खायला लागला.

होळीला साडेचार महिने होते. साडेचार महिने आमच्या बोटीतून तालुक्यातल्या ट्रॅक्टरांचे पंप आणि स्टार्टर दुरुस्तीला पलीकडे जात होते आणि संध्याकाळी परत येत होते. गयाबाईनं भावाला रोज दोन वेळा जेवायला घातलं. नाना चालत घरी आला तो धुळवडीच्या दिवशी, कोरड्या रस्त्यानं, अंगात दोन्ही जॅकेटं घालून.